थ्री-जॉ चकमध्ये जॉब आउट फिरतो, टेपर येतो: तपासणी कुठून सुरू करायची

लेथच्या थ्री-जॉ चकमध्ये (जॉब धरणारी तीन जबड्यांची पकड) जॉब आउट फिरतो, म्हणजे केंद्र सोडून फिरतो, किंवा टेपर येतो, म्हणजे लांबीभर व्यास सारखा राहत नाही. ही तक्रार एकदा मिटली की काही आठवड्यांनी पुन्हा येते, कारण बहुतेक वेळा दुरुस्ती चुकीच्या जागी होते. जॉब आउट फिरला की दोष चकवर येतो, चक उघडला जातो किंवा नवा मागवला जातो. खरा दोष मात्र जॉच्या मागे अडकलेल्या एका चिपमध्ये, बारच्या वाकात किंवा टेलस्टॉकच्या (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकण्यात असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना मुख्यतः ब्रश, तेलदगड, मायक्रोमीटर आणि डायल गेज एवढंच लागतं.

लक्षणं

खालीलपैकी नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

- जॉब हाताने फिरवला की डायलचा काटा एका फेरीत ०.१ मिमीपेक्षा जास्त हलतो.
- एक बाजू टर्न करून जॉब उलटा धरला की दुसऱ्या बाजूचा व्यास पहिल्याशी एककेंद्री येत नाही.
- चकजवळ माप बरोबर, टोकाला व्यास मोठा किंवा लहान.
- कट घेताना जॉब चकमध्ये मागे सरकतो किंवा फिरून घसरतो, जॉचे चरे उमटतात.
- पातळ नळीचं बोअर मापात येतं, पण जॉब सोडल्यावर त्यात बेअरिंग नीट बसत नाही.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. साध्या, सुस्थितीतल्या थ्री-जॉ चकमध्ये ०.०५ ते ०.०८ मिमी रनआउट (एका फेरीत डायलच्या काट्याचा एकूण फरक) येणं हा दोष नाही. तिन्ही जॉ एकाच स्क्रोलच्या, म्हणजे चकच्या आतल्या तबकडीच्या, चपट्या सर्पिल आट्यांवर चालतात. त्या आट्यांतली सूक्ष्म चूक वेगवेगळ्या व्यासांवर वेगवेगळी दिसते. २० मिमीवर ०.०३ दाखवणारा चक ५० मिमीवर ०.०८ दाखवू शकतो. ०.०१ मिमीची अचूकता हवी असेल तर थ्री-जॉ चक दुरुस्त करत बसू नका, धरण्याची पद्धत बदला. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मोजायचं कसं

लेथ मेन स्विचवरून बंद करा, गिअर न्यूट्रलला टाका आणि स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दंड) हाताने फिरवा. चकची चावी प्रत्येक वेळी काढून बाजूला ठेवा. हात सोडायचा तो चावी हातात घेऊनच, ही सवय इथे तोडू नका.

मापासाठी ग्राइंड केलेली सरळ दांडी घ्या. सिल्व्हर स्टीलचा तुकडा किंवा ग्राइंड केलेली डॉवेल पिन चालते. दुकानातून आलेला काळा बार किंवा साधा ओढीव बार चालत नाही, कारण मग चकचा दोष मोजतोय की बारचा हे कळत नाही. रीडिंग दोन ठिकाणी घ्या: जॉच्या तोंडापासून साधारण १० मिमीवर आणि १०० मिमीवर.

काट्याचा एकूण फरक म्हणजे केंद्र जितकं सरकलंय त्याच्या दुप्पट. काटा ०.१२ मिमी हलला तर जॉबचं केंद्र ०.०६ मिमीने बाजूला आहे. दुरुस्ती करताना हे विसरलं की दुप्पट सरकवलं जातं आणि चूक उलट्या बाजूला उभी राहते.

आता दोन्ही रीडिंग शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे फरक सारखा आणि सर्वांत वरचा बिंदूही एकाच बाजूला असेल, तर जॉब अक्षाला समांतर राहून सरकलाय. चिप, स्क्रोल किंवा बॅकप्लेट (चक ज्यावर बसतो ती मागची प्लेट) यांपैकी काहीतरी आहे. १०० मिमीवरचा फरक बराच मोठा असेल तर जॉब तिरका धरला गेलाय. मग जॉची तोंडं, चकची बैठक किंवा जॉबची धरायची जागा तपासायची. त्यानंतर तोच बार सोडा, १८० अंश फिरवून पुन्हा धरा आणि परत मोजा. वरचा बिंदू बाराबरोबर फिरला तर दोष बारात, चकच्या त्याच जॉजवळ राहिला तर दोष चकमध्ये किंवा त्याच्या मागे. या एका चाचणीने बरीच भ्रमंती वाचते.

१. साफसफाई

जॉ पूर्ण बाहेर काढा. खाचा, जॉचे दात आणि स्क्रोलचे आटे कडक ब्रशने घासा. कॉम्प्रेस्ड हवा मारू नका, ती चिप्स आत ढकलते. कास्ट आयर्न टर्न केल्यानंतर तर हे हवंच, कारण त्याची भुकटी तेलात मिसळून आट्यांच्या तळाशी मळीसारखी घट्ट बसते आणि नुसत्या नजरेला दिसत नाही.

एवढ्याशा चिपने काय होतं? हिशेब सोपा आहे. एका जॉखाली t जाडीचं काही आलं तर जॉबचं केंद्र त्या जॉपासून दोन तृतीयांश t इतकं दूर सरकतं आणि काटा त्याच्या दुप्पट, म्हणजे t च्या चार तृतीयांश हलतो. ०.०६ मिमीची चिप काट्यावर ०.०८ मिमी दाखवते. सुस्थितीतल्या चकची अख्खी मर्यादा एका बारीक कणात संपली.

जॉच्या धरायच्या पृष्ठभागावर नख फिरवा. खडबडीत कड लागली तर तेलदगड सपाट धरून फक्त ती उचललेली कड काढा. कानस वापरू नका. परत बसवताना स्क्रोलवर हलका तेलाचा हात पुरे. जास्त ग्रीस घातलं तर तेच पुढची भुकटी धरून ठेवतं.

२. जॉब स्वतः

धरायची जागा गोल आहे का? मायक्रोमीटरने तीन-चार दिशांनी आणि दोन-तीन ठिकाणी मोजा. हॅकसॉने कापलेल्या टोकाला कड उचललेली असते आणि ती जॉखाली गेली की जॉब तिरका होतो. आधी ती कड काढा. लोहाराने ठोकलेला किंवा गरम रोल केलेला बार असेल तर त्यावरचा काळा पापुद्रा एका जॉखाली चिरडतो, दुसऱ्याखाली नाही. अशा जॉबला पहिल्या धरणीत फक्त रफ कट घ्यायचा, मापाचा नाही.

धरलेली लांबी व्यासाइतकी तरी असू द्या, दीडपट असेल तर उत्तम. १० मिमी धरून ५० मिमी व्यासाचा जॉब चालवला तर तो चकमध्ये डुलतोच. जागा नसेल तर जॉबची पाठ जॉच्या पायरीला किंवा चकच्या तोंडाला टेकवा. आवळताना जॉब तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोड्याने टेकवून पुन्हा आवळा.

३. चकबाहेर किती आहे

टेलस्टॉकशिवाय चकबाहेर व्यासाच्या ३ पट लांबी, त्यापलीकडे आधार द्या. टेलस्टॉकचं टोकदार सेंटर लावूनही लांबी व्यासाच्या १० ते १२ पटींच्या पुढे गेली की स्टेडी रेस्ट किंवा फॉलोअर रेस्ट (जॉबला मध्ये आधार देणारी चौकट) हवा. बारीक जॉब टूलपासून मागे लवतो, म्हणून मोकळ्या टोकाला व्यास मोठा येतो. खोली न बदलता तोच पास पुन्हा मारला आणि टूलने टोकाकडे आणखी साहित्य काढलं, तर लवण आहे हे नक्की. टूलचं नाक मोठं असेल किंवा धार बोथट असेल तर मागे रेटणारा जोर वाढतो. तेव्हा आधी धार लावा, मग मशीनला दोष द्या.

४. जॉचा क्रम आणि पिनियन

प्रत्येक जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि खाचांवरही. स्क्रोल फिरवून आट्याचं टोक १ नंबरच्या खाचेत दिसू लागलं की थोडं मागे घ्या, पहिला जॉ दाबा, आटा पकडेपर्यंत फिरवा, मग २, मग ३. क्रम चुकला तर फरक शतांशात नाही, मिलिमीटरमध्ये दिसतो. तिन्ही जॉ मध्यभागी एकत्र भेटत नाहीत, हे डोळ्यांनाच कळतं.

जास्त फसवणारा प्रकार वेगळा आहे. तीन जॉपैकी एखादा दुसऱ्याच चकचा असतो. जॉ बनवणारे ते त्याच चकमध्ये बसवून शेवटचं ग्राइंडिंग करतात, म्हणून अदलाबदल झाली की आकडे बरोबर असूनही ०.१५ ते ०.२ मिमी रनआउट कायम राहतो. जॉवरचा अनुक्रमांक चकवरच्या अनुक्रमांकाशी जुळवून पाहा.

शेवटचा जोर कुठल्या पिनियनवर (चावी लागते ते छोटं दातेरी चाक) देता त्यावरही रीडिंग बदलतं. तीनही पिनियनवरून एकेकदा आवळून डायल पाहा, सर्वांत कमी फरक येतो त्या पिनियनला सेंटर पंचची खूण करा आणि पुढे नेहमी तिथूनच आवळा. खर्च काही नाही. जुन्या चकमध्ये यातून हाती येणारा फायदा बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा मोठा असतो.

जॉ बाहेर फार काढू नका. आट्यांमध्ये प्रत्येक जॉचे किमान दोन-तीन दात पूर्ण पकडलेले असले पाहिजेत. बाहेर आलेला जॉ तिरपतो, आणि तुटून उडाला तर जीवघेणा ठरतो. मोठ्या व्यासाला उलटे जॉ लावा.

५. टेपर: टेलस्टॉक आणि बेड

सेंटरच्या आधाराने टर्न केल्यावर टेपर आला तर आधी सेंटर आणि टेलस्टॉकचा टेपर बोअर पुसा. मोर्स टेपरमध्ये एक कण अडकला तरी सेंटर तिरकं बसतं. क्विल (टेलस्टॉकची पुढे-मागे सरकणारी नळी) जेवढी कमी बाहेर तेवढी बरी.

आता चाचणी. सुमारे ३०० मिमी लांब, ३० ते ४० मिमी व्यासाचा बार दोन सेंटरमध्ये धरा. मधला भाग खोल टर्न करा आणि दोन टोकांना १५ मिमी रुंदीचे कॉलर राहू द्या. क्रॉस स्लाइड न हलवता दोन्हींवर ०.१ मिमीचा एकच हलका कट घ्या आणि मोजा.

टेलस्टॉककडचा कॉलर मोठा आला म्हणजे तिथे अक्ष टूलपासून दूर गेलाय. टेलस्टॉक टूलकडे, म्हणजे आपल्याकडे सरकवा. लहान आला तर उलट. सरकवायचं ते व्यासातल्या फरकाच्या निम्मं: फरक ०.०६ मिमी असेल तर ०.०३. कॉलर जॉबच्या अगदी टोकांना नसतील तर ही संख्या जॉबच्या लांबीने गुणून कॉलरमधल्या अंतराने भागा. क्विलला डायल लावा, बाजूचे स्क्रू एकाआड एक फिरवत सरकवा, क्लॅम्प आवळा आणि पुन्हा पाहा, कारण आवळताना टेलस्टॉक जरासा सरकतोच.

चकमध्ये लांब धरून दुसऱ्या टोकाला सेंटर लावणंही टेपर आणतं. चक एक अक्ष सांगतो, सेंटर दुसरा, आणि जॉब दोन्हींच्या मध्ये वाकतो. सेंटरचा आधार असेल तेव्हा चकमध्ये कमी धरा. सेंटर ड्रिलिंग करताना जॉब आउट असेल तर भोकच बाजूला पडतं, हेही लक्षात असू द्या.

स्थिर सेंटर असेल तर उष्णतेकडे बघा. पोलाद प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं. ३०० मिमीचा बार ४० अंशांनी तापला की ०.१४ मिमी लांबतो. त्याला जायला जागा नसली की सेंटर करकरतं, बार मध्ये वाकतो आणि माप बिघडतं. सेंटरला ग्रीस द्या, मध्येच थांबून क्विल सैल करून पुन्हा लावा.

टेलस्टॉक न लावता, जाड आखूड बारवरही टेपर येतो? तर बेडला (लेथचा खालचा लांब पाया) पीळ आहे का पाहा. ०.०२ मिमी प्रति मीटरचा स्पिरिट लेव्हल बेडवर आडवा ठेवून हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला रीडिंग घ्या. दोन्हीकडे बुडबुडा सारखा राहिला पाहिजे. नसेल तर लेव्हलिंग स्क्रूने जुळवा. मशीन हलवल्यावर ही तपासणी हमखास राहून जाते. हेडस्टॉकच्या बोल्टला मात्र या टप्प्यावर हात लावू नका.

६. चक बसतो ती जागा

चक काढण्याआधी खाली बेडवर लाकडी पाट ठेवा. २०० मिमीचा चक निसटला तर बेडची कड आणि बोटं दोन्ही जातात. मोठ्या चकला हॉइस्ट किंवा दुसरा माणूस घ्या.

स्पिंडल नोजचं (स्पिंडलचं चक बसतो ते टोक) तोंड आणि टेपर पुसून डायल लावा. फरक ०.०१ मिमीच्या आत असावा. इथे स्वच्छ फिरलं तर स्पिंडलचा रनआउट या तक्रारीचं कारण नाही आणि दोष चक किंवा बॅकप्लेटमध्ये आहे. बॅकप्लेटचं तोंड, तिच्या कडेची खांदेवजा बैठक आणि चकची मागची खाच, तिन्हींवर उचललेली कड तेलदगडाने काढा. बॅकप्लेट आउट असेल तर ती स्वतःच्याच स्पिंडलवर बसवून तोंड आणि खांदा हलका कट घेऊन ट्रू करता येतो. पण खांदा जास्त लहान केला की चक त्यावर सैल बसतो आणि मागे जाता येत नाही.

डी-१ कॅमलॉक (कॅम फिरवून चक स्पिंडलला आवळण्याची पद्धत) असेल तर प्रत्येक कॅम आवळल्यावर त्याची खूण दोन व्ही खुणांच्या मध्ये, म्हणजे घड्याळाच्या ३ ते ६ या भागात यायला हवी. बाहेर गेली तर स्टडची उंची एक फेरा बदला. एकच कॅम पुरता न आवळणं हे चक तिरका बसण्याचं अगदी साधं कारण आहे. आट्यांच्या नोजवरचा चक मात्र उलट्या दिशेने जोरात चालवू नका. तो सुटून खाली येतो.

७. जॉ आणि स्क्रोलची झीज

ग्राइंड केलेल्या दांडीवर, प्रत्येक जॉच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली कागदाची पट्टी ठेवून नेहमीइतकं आवळा. पुढची पट्टी ओढून निघाली आणि मागची घट्ट राहिली, तर जॉची तोंडं फाकली आहेत. १०० मिमीवरचं मोठं रीडिंग, जॉब डुलणं, चॅटर (कट घेताना थरथर), घसरणं हे सगळं यातूनच येतं. पुढच्या टोकावर आखूड जॉब धरत राहिल्यामुळे असं होतं.

फाकलेले जॉ लेथवरच टूल पोस्ट ग्राइंडरने ग्राइंड करता येतात, पण एका अटीवर: ग्राइंड होताना जॉवर कामाच्या दिशेचाच ताण असला पाहिजे. त्यासाठी जॉच्या पायरीत किंवा खास खाचेत रिंग धरून आवळतात. मोकळ्या जॉवर केलेलं ग्राइंडिंग आवळताच पुन्हा फाकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. बेड कपड्याने पूर्ण झाका, कारण ग्राइंडिंगची भुकटी स्लाइडमध्ये गेली तर लेथलाच खाते. ज्याने हे आधी केलेलं नाही त्याने करू नये, असं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सॉफ्ट जॉ (टूलने कापता येणारे मऊ जॉ) घ्या: ते जागेवरच, ताणाखाली, हव्या व्यासाला बोअर करता येतात आणि त्या व्यासावर ०.०२ मिमीच्या आसपास सहज मिळतं.

स्क्रोल झिजला असेल तर ठरावीक व्यासांवरच चक आउट दाखवतो, इतर ठिकाणी ठीक. तिथे सफाईने काही होत नाही.

आजच जॉब द्यायचा असेल तर

काटा सर्वांत वर जातो त्या बाजूच्या जॉखाली शिम (पातळ पट्टी) घाला. जाडी रनआउटच्या पाऊणपट: ०.१३ मिमी फरकाला ०.१ मिमी शिम, म्हणजे साधारण एका कागदाइतकी. चिपचा हिशेब उलटा लावला की हेच येतं. वरचा बिंदू दोन जॉच्या मध्ये आला तर दोघांखाली शिम घाला. कागद दबतो, म्हणून मापाच्या कामाला पितळी शिम वापरा आणि घालून पुन्हा डायल लावा.

याहून चांगलं म्हणजे सगळे एककेंद्री व्यास एकाच धरणीत टर्न करणं. जॉब सोडला नाही तर चक किती आउट आहे याने काही बिघडत नाही. जॉब उलटवावा लागणार असेल तर दोन सेंटरमध्ये, किंवा फोर-जॉ चकमध्ये. फोर-जॉमध्ये समोरासमोरचे जॉ जोडीने घ्या, डायलच्या फरकाच्या निम्मं एका जॉने सैल करून दुसऱ्याने आवळा, मग दुसरी जोडी. ०.०१ मिमी इथे हाताने मिळतं. बारीक आणि एकसारख्या व्यासांसाठी कॉलेट (चिरा पाडलेली गोल पकड) बरी.

पातळ नळीचा प्रश्न वेगळा आहे. तीन जॉ तिला त्रिकोणी दाबतात, बोअर गोल येतं आणि सोडल्यावर नळी उसळून बोअर तीन उंचवट्यांचं होतं. मायक्रोमीटरचे दोन बिंदू समोरासमोर असतात, एकीकडे उंचवटा तर समोर खोलगट, त्यामुळे माप सगळीकडे सारखंच दिसतं. तीन बिंदूंचं बोअर मायक्रोमीटर किंवा व्ही ब्लॉकवर डायल लावून पाहिलं तर कळतं. अशा नळीला रुंद सॉफ्ट जॉ किंवा चिरलेली रिंग वापरा, आणि फिनिश कटच्या आधी चक थोडा सैल करून हलका आवळा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलावा

चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच वर उचला, डायल स्पिंडल नोजवर ठेवा. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलून परत येत असेल तर स्पिंडल बेअरिंगमध्ये सैलपणा आहे. बेअरिंगचा प्रीलोड (त्याला आधीच दिलेला ताण) अंदाजाने आवळू नका. जास्त आवळलेलं बेअरिंग तापून काही तासांत जातं आणि सोबत स्पिंडलची बैठक घेऊन जातं.

पुढीलपैकी काही दिसलं तरी काम बंद करा: चकच्या अंगावर किंवा जॉवर भेग, हेडस्टॉकमध्ये गुरगुर किंवा तापणं, बेडचा पीळ काढूनही जाड बारवर टिकून राहणारा टेपर, कॅमलॉकचा स्टड वाकलेला. भेगाळलेल्या चकला वेल्डिंग नाही, तो बाद करायचा. चकवर छापलेल्या कमाल वेगाच्या वर कधीच जायचं नाही, कारण वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने जॉची पकड सुटत जाते.

बोलावताना या गोष्टी लिहून द्या: १० आणि १०० मिमीवरची रीडिंग, वरचा बिंदू कुठल्या जॉजवळ, स्पिंडल नोजचं रीडिंग, उचलण्याच्या चाचणीचा आकडा, दोन कॉलरचे व्यास आणि त्यांमधलं अंतर. एवढं हाती असलं की येणारा माणूस चक उघडत बसत नाही, सरळ दोषाच्या जागी जातो.